पाच मिलिमीटरचा हिवाळा

हिवाळा पुन्हा आला आहे. बोरी बुद्रुकला आमच्या मळ्यातल्या विहिरीतून पहाटे वाफ वर येते. बाहेर बोटं आखडतात आणि विहिरीचं पाणी मात्र कोमट लागतं. ते जमिनीच्या पोटातलं पाणी. वरच्या थंडीची बातमी त्याच्यापर्यंत पोचायला उशीर होतो. लहानपणी आम्ही थंडीतच विहिरीत उड्या मारायचो. खरी थंडी वाजायची ती बाहेर आल्यावर, काठावर, ओल्या चड्डीत उभं राहिलं की.

मढकडे गेलं की हे उलटं होतं. माळशेजच्या वाटेवर डोंगर जवळ येऊ लागतात, भाताची खाचरं कापून मोकळी झालेली असतात, आणि उजाडताना धरणावर धुक्याचा थर दिसतो. लांबून तो मऊ वाटतो. पण ते पाणी उघड्यावर पसरलेलं असतं, आणि घाटाकडून येणारा वारा रात्रभर त्यातली ऊब उचलून नेतो. त्यात पाय घातला की हाडापर्यंत कळ जाते. एकाच तालुक्यातली, एकाच सकाळची ही दोन पाणी.

वर्तमानपत्रात काम करताना या धरणांबद्दल पुष्कळ लिहिलं. किती टक्के भरलं, आवर्तन कधी सुटणार, कालव्याच्या शेपटाला पाणी पोचलं की नाही. पाणी किती गार आहे, हे कधी लिहिलं नाही. बातमीत त्याला जागाच नसते. त्या गारव्यावर एखाद्याचं सगळं अडून राहू शकतं, हे काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात दिसलं.

मढच्या अलीकडे काठावरच्या शेतकऱ्यांनी मिळून एक उपसा योजना केली आहे. धरणाच्या पाण्यात गोल विहीर बांधलेली आहे. तिला सगळे जॅकवेल म्हणतात. तिच्या भिंतीला खाली एक तोंड आहे आणि त्यावर लोखंडी जाळी. जाळीतून पाणी आत येतं, मोटारी ते उचलून वरच्या शेतांवर टाकतात. या जाळीला शेवाळ, प्लास्टिक, मासेमारीची फाटकी जाळी असं काहीही येऊन चिकटतं. पाणी आत यायचं थांबतं, आणि मग कोणीतरी बुडी मारून ते सगळं सोडवून काढावं लागतं.

हे काम तात्यांचं. पन्नाशी ओलांडलेले, रुंद छातीचे, कमी बोलणारे गृहस्थ. अंगाला तेल चोळायचं, दम भरायचा, विळा घेऊन खाली जायचं, एवढीच त्यांची पद्धत. आदल्या हिवाळ्यात ते वर आले तेव्हा बोटं उघडेनात. विळा त्यांच्या मुठीतून दुसऱ्याने सोडवून घेतला. डॉक्टरांनी गार पाण्यात उतरायला मनाई केली. जाळी मात्र आपल्या वेळेला तुंबतच राहिली.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला त्यांची पुतणी घरी परतली होती. तिचं नाव रूपाली. तिला पोहायला तात्यांनीच शिकवलं होतं. पुढे ती मालवणकडे गेली, पाठीवर सिलेंडर बांधून समुद्रात उतरायचं रीतसर शिक्षण घेतलं, परीक्षा पास झाली, आणि किनाऱ्यावरच्या एका केंद्रात नोकरीला लागली. तिथे तिच्याकडे काम आलं ते तंबूत उभं राहून पर्यटकांना पाण्यात घालायचा रबरी सूट निवडून देण्याचं. माणूस समोर आला की एका नजरेत त्याचं माप तिला कळू लागलं.

पाणीवाटपावर लिहायचं म्हणून त्या आठवड्यात माझी मढला ये-जा होती. मोटारींच्या शेडबाहेर उन्हाला बसून ती हे सांगत होती.

"नवरा-बायको आली का नवऱ्याला म्हणायचं, भाऊ, पोट आत घ्या. बायकोला म्हणायचं, ताई, घट्टच पायजे, लाजू नका. सूट निवडायचा मी. पाण्यात नेणार दुसराच."

"का?"

"लोक इचारायचे ना, तुमच्यात कोणी जेन्ट्स न्हाई का म्हणून. मग मालकबी म्हणायचे, रूपाली, तू तंबूतच थांब, तुझ्यासारखं माप कुणाला जमत न्हाई." ती हसली. "चांगली म्हणून कोंडून ठिवलं, राव."

नोकरी सोडून ती आली होती ती एवढ्यासाठी, की घरच्या पाण्यात तरी आपल्याला उतरता येईल. तात्यांचा हात गेला होता, जाळी होती, आणि ती शिकलेली होती. तिला हे गणित सोपं वाटलं होतं. योजनेच्या लोकांना तसं वाटलं नाही. त्यांनी तिचं कौतुक केलं, चहा दिला आणि सांगितलं, आमाला असा एक सूट बघून दे, म्हणजे आमची माणसं उतरतील. मालवणचा तंबू चालत चालत मढला आला, असं ती नंतर म्हणाली.

तरी तिनं काम मन लावून केलं. योजनेचे अध्यक्ष आण्णा, स्वतः तात्या आणि आणखी दोघे पोहणारे, यांना तिनं शेडमध्ये बसवून समजावलं ते आजही लक्षात आहे. बाहेर वारा होता आणि ती पाण्याच्या वेगवेगळ्या थंडीबद्दल बोलत होती. भाजीवाली मेथी आणि शेपूमधला फरक सांगते तितक्या सहज. समुद्राचं पाणी हिवाळ्यातही फार गार पडत नाही, तिथे तीन मिलिमीटर जाडीचा सूट पुरतो. इथलं सकाळचं पाणी त्याहून बरंच गार, म्हणून पाच. त्याहून गार असेल तिथे सात. पण सातात हात वाकवणं कठीण, आणि जाळीवरचं काम सगळं बोटांचं.

"एवढ्याशा रबरानं थंडी अडती?" आण्णांनी सूटचा नमुना चिमटीत धरून पाहिला. आण्णांचा कांदा त्या वर्षी लागणीला आला होता आणि त्यांचं अर्धं लक्ष रोपात होतं.

"रबरात बारीक बारीक बुडबुडे असत्यात, आण्णा. त्यानं ऊब बाहेर जात न्हाई. आन सूटच्या आत थोडं पाणी शिरतंच. त्ये अंगाच्या उबीनं तापतं आन तिथंच बसून राहतं. सूट घट्ट असला तरच. ढिला असला का गरम झालेलं पाणी बाहेर, गार पाणी आत. परत अंगानं तापवायचं, परत बाहेर. माणूस तापवून तापवूनच थकतो. म्हणून माप ज्याचं त्याचं पायजे. कोण उतरणार त्ये आधी सांगा."

नमुना हातोहात फिरून आण्णांकडे परत आला. मग आण्णांनी निकाल दिला.

"हे बघ पोरी, पैसा सगळ्यांचा हाय. सगळ्यांना यील असा मागव."

या वाक्याला हसणं सोपं आहे. पण इथली प्रत्येक महागाची वस्तू अशीच आलेली आहे. विहीर समाईक, तिच्या पाण्याला पाळ्या. मळणीयंत्र चौघांत. औषध फवारायचा पंप भावाभावांत. एकाला न झेपणारी गोष्ट चौघांनी मिळून घ्यायची आणि आळीपाळीनं वापरायची, या एका सवयीवर डोंगराकडेची ही गावं तगली. आणि कपडा घ्यायचा तर अंगापेक्षा मोठा घ्यायचा, हीही त्याच सवयीची धाकटी बहीण. शाळेचा गणवेश दोन इयत्ता पुरेल असा, स्वेटर थोरल्यानंतर धाकट्याला होईल असा. या दोन शहाणपणांनी मिळून तो सूट मागवला. जाडी रूपालीनं सांगितली तीच, पाच मिलिमीटर. माप मात्र चौघांतल्या सर्वांत जाड माणसाचं, आणि वर थोडं वाढतं.

तो आला त्या सकाळी काठावर पाहुणे जमावेत तशी माणसं जमली. त्यातच जाळी पुरती तुंबली होती. मोटारी ओढत होत्या आणि वर शेतात नळाला फक्त हवा येत होती. कांद्याचं रोप उपटून ठेवलेलं. बाकीचे दोघे पोहणारे एकमेकांकडे बघू लागले, तेव्हा तात्यांनीच सूट उचलला. डॉक्टरांनी गार पाणी नको म्हटलं होतं. हा सूट असल्यावर पाणी गार लागणारच नाही, असा त्यांचा हिशेब. त्यांची बायको, म्हणजे रूपालीची चुलती, हिनं त्यांना आत लोकरीचा स्वेटर घालायला लावला होता. सूट एवढा ढगळ होता की स्वेटर घालूनही आत जागा उरत होती.

"स्वेटर काढा, तात्या," रूपाली म्हणाली. "काकी, लोकर पाणी पिती."

"पिऊं दे," चुलती म्हणाली. "त्याला काय च्या लागतोय व्हय? ऊब तर ऱ्हाईल."

तात्या उतरले आणि बुडेनातच. हवा भरलेल्या रबरामुळे ते लाटेवर आडवे तरंगू लागले. काठावरून कोणीतरी ओरडलं, "तात्या, भोपळा बांधलाय काय!" रूपालीनं शिशाच्या वजनांचा पट्टा कमरेला बांधला तेव्हा कुठे ते खाली गेले. बाहीतून, गळ्यातून, पाठीवरच्या चेनमधून पाणी आत शिरत होतं. एक बुडी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या वेळेला ते काठाशी आले आणि त्यांना उभंच राहता येईना. सूटमध्ये एवढं पाणी भरलं होतं की ते पखालीसारखे फुगले होते. लोक आधी हसले. मग त्यांचे ओठ दिसले आणि हसू थांबलं.

चौघांनी त्यांना बाहेर ओढलं. चेन खाली केली तसं गार पाणी भसाभस दगडांवर सांडलं. भिजलेला स्वेटर अंगावरून सोलून काढावा लागला. शेडमध्ये गोधडीत गुंडाळून बसवल्यावर त्यांनी उजवी मूठ मिटायचा प्रयत्न केला. ती मिटली नाही. रूपाली समोर बसून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून होती. हे मी सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही.

उरलेल्या दोघांपैकी एकानं सांगितलं की, आपण काही उतरणार नाही. दुसरा घरी निघून गेला होता. आण्णा म्हणाले, बाहेरून माणूस बोलावू. मग तेच म्हणाले, तो येईस्तोवर रोप वाळंल.

"मी उतरते," रूपाली म्हणाली. "हा सूट माझ्या मापाचा करून घिऊ. आळेफाट्याला हुईल."

"कापायचा?" आण्णांना ती कल्पनाच सहन होईना. "अगं, कापला म्हणजे तो तुझ्या एकटीचाच झाला की. उद्या तुझं लगीन हुईल, तू जाशील. मग समाईक सूट कुणाच्या अंगात जायचा?"

कोपऱ्यातून, गोधडीतून तात्यांचा आवाज आला. दात वाजत असल्यामुळे वाक्य तुटक येत होतं.

"आण्णा, इतकी वरसं म्या एकटाच बुडतोय. तवा कुणी म्हणलं न्हाई, तात्या थांब, आपुन समाईक बुडू."

आण्णा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. परत आले ते गाडीची किल्ली घेऊनच.

आळेफाट्याला नाशिक आणि नगरकडे वळणाऱ्या गाड्यांचा गोंगाट असतो. गॅरेजांच्या रांगेत सलीमभाईंचं सीट कव्हरचं दुकान आहे. ट्रकच्या सीटा, टेम्पोच्या ताडपत्र्या, ट्रॅक्टरची छतं असं सगळं तिथे शिवलं जातं. त्यांनी सूट उलटा केला, सुलटा केला, कान लावून दाबून पाहिला.

"आजपर्यंत गाड्यांना कपडे शिवले, ताई. माणसाला पहिल्यांदा. बिघडला तर मला नका धरू."

रूपालीनं सांगितलं, बाजूच्या पट्ट्या कापायच्या, कडेला कड लावून पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवायची, आणि टाका अर्ध्या जाडीतूनच घ्यायचा. सुई आरपार गेली की तिथून पाणी येणार. सलीमभाईंनी मान डोलावली, पण खात्री दोघांनाही नव्हती. माप घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी टेप बरोबर आलेल्या चुलतीच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. ताडपत्रीच्या पडद्याआड चुलतीनं टेप बाजूला ठेवला. तिला त्यावरचे आकडे लागत नव्हते. ती वितीनं मोजू लागली, जशी ती चोळीचं माप घ्यायची, आणि पडद्याआडून ओरडून सांगू लागली.

"कंबर तीन वीत, चार बोटं!"

"कुणाची बोटं, चाची? तुमची का माझी?"

"माझी! तुजी कशाला लागत्यात!"

सलीमभाईंनी पडद्याखालून पुन्हा टेप सरकवला आणि विनवलं, की वीत नेमकी टेपवर ठेवून खूण करा. असं करत माप निघालं. मग त्यांनी खडूनं रेघ ओढली, कात्री घेतली आणि थांबले.

"मालक कोण सूटचे? एकदा कापला का परत मोठा नाही व्हायचा."

सगळे आण्णांकडे बघू लागले. दुकानाबाहेर एक ट्रक वळण घेत होता. त्याचा आवाज निघून जाईपर्यंत आण्णांनी सूटची बाही चिमटीत धरून ठेवली.

"कापा," ते म्हणाले.

सोल्युशन वाळायला एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर रूपाली पाण्याशी उभी राहिली. सूट अंगात चढवायला चुलतीनं तिला मदत केली. बाही ओढता ओढता दोघी दमल्या. सिलेंडर आणि तोंडात धरायचं यंत्र तिनं किनाऱ्यावरच्या मैत्रिणीकडून उसनं मागवलं होतं. ते कोकणातून परतणाऱ्या कांद्याच्या टेम्पोतून रातोरात आलं होतं. मोटारी चुकूनही सुरू होऊ नयेत म्हणून आण्णांनी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवले आणि खिशावर हात दाबून उभे राहिले. कमरेच्या दोराचं दुसरं टोक तात्यांकडे होतं. बोटं मिटत नसल्यानं त्यांनी तो मनगटाला वेढून घेतला होता. सूटच्या कापलेल्या पट्ट्या चुलतीनं दोराला गुंडाळल्या होत्या, म्हणजे काचणार नाही.

ती खाली गेली. वर फक्त बुडबुडे येत राहिले. तात्या ते बघत होते, आणि आपण पाण्याबाहेर आहोत हे विसरून मधूनमधून दम धरत होते. आपल्याशिवाय कोणी खाली गेलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. काठावर आदल्या दिवशी एवढी गर्दी होती. त्या दिवशी तेवढीच होती, पण कोणी थट्टा केली नाही. काही वेळानं एक हिरवं, जड भेंडोळं वर आलं. शेवाळात गुरफटलेलं मासेमारीचं जाळं. मग आणखी एक.

ती बाहेर आली, काठावर बसली आणि चेन उघडली. बाही उलटी करून ओढली तसं थोडं पाणी दगडावर सांडलं. तात्यांनी सहज हात पुढे केला आणि त्या पाण्याखाली धरला. मग दुसराही धरला.

"कोमट हाय," ते म्हणाले.

आण्णा फ्यूज घेऊन शेडकडे पळत सुटले होते.

नंतर पुष्कळदा वाटलं की त्या गावाची चूक मोठी चमत्कारिक होती. कंजूषपणाची नव्हती, अडाणीपणाची तर नव्हतीच. पाणी वाटून घेता येतं, म्हणून जे घालून पाण्यात उतरायचं तेही वाटून घेता येईल, असं त्यांना वाटलं. अंगाची ऊब मात्र वाटणीत बसत नाही. ती ज्याची त्यानं तयार करायची, आणि ती राखायची तर बाकीच्यांनी त्या एका माणसाचं माप मान्य करायचं. बाईचं माप मान्य करायला तर तोंडचं पाणी पळावं लागलं. रोप वाळणार नसतं, तर तो सूट आजही ढगळच राहिला असता आणि शेडमध्ये खिळ्याला लटकत असता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं असतं.

रूपाली गेली नाही. आता थंडी पडली की तिची कामं वाढतात. आंबेगावात डिंभे धरणाच्या बाजूला, हिरड्याच्या झाडांखालच्या गावांतून निरोप येतात. कुठल्या पाण्यात काय घालायचं हे ती तिथल्या पाण्यात हात घालून ठरवते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तीन मिलिमीटर, पौषात पाच आणि वर टोपी. तात्या दोर धरायला बरोबर जातात. त्यांचा हात पुरता मिटत नाही, पण वेढा घेण्यापुरता वाकतो.

परवा सकाळी मढला त्यांच्याकडे बसलो होतो. अंगणात ऊन नुकतं उतरलं होतं. आंबेगावकडची एक जीप दारात येऊन थांबली. मफलर बांधलेला माणूस उतरला, ओट्यावर बसलेल्या तात्यांना बघून त्यानं लांबूनच हात जोडले आणि चुलतीला विचारलं,

"मावशी, पाणबुडे हायेत का घरी? आमची जाळी तुंबलीय."

तात्या दोराला तेल लावत होते. चुलतीनं आत डोकावून पाहिलं आणि तितक्याच आदरानं सांगितलं,

"हायेत. येणीफणी करत्यात. बसा, पावणं, च्या घ्या तवर."